राणीसमोर बसायचा हक्क

मी फ्रान्सच्या इतिहासावर पीएचडी करते म्हटलं की आमच्या माणसांचा चेहरा खुलतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आमच्या घराघरांत प्रतिमेखाली लिहिलेले असतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी क्रांतीवर काम करत असणार. मग सांगावं लागतं की माझा विषय क्रांतीच्या शंभर-दीडशे वर्षं आधीचा आहे. गादीवर एक लहान मुलगा, त्याच्या नावाने कारभार बघणारी त्याची आई, तिचा परदेशात जन्मलेला कार्डिनल मंत्री, आणि त्या दोघांवर चिडलेले न्यायाधीश, सरदार आणि पॅरिसची माणसं. चेहरे पडतात. "आधीचं कशाला? क्रांतीचंच कर ना," असं मला नागपूरच्या मावशीपासून इथल्या, अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या प्रत्येक काकांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसती मान डोलावते आणि ताटात भात वाढून घेते.

खरं कारण असं की पहिल्या वर्षी, एका सेमिनारमध्ये, आम्हाला स्टुलांची गोष्ट वाचायला दिली होती. राणी बसलेली असताना दरबारातल्या बाकीच्या बायकांनी उभं राहायचं, असा तिथला रिवाज. फक्त काही मोठ्या घराण्यांतल्या बायकांना बसता यायचं, तेही खुर्चीवर नाही, पाठ नसलेल्या घडीच्या छोट्या स्टुलावर. देशात बंडाळी चालू असताना राणीने आपली बाजू भक्कम करायला आणखी दोन बायकांना हा मान दिला. झालं. नुकत्याच पॅरिसच्या रस्त्यांवर वाट अडवायला साखळ्या लागल्या होत्या, शहराला वेढा पडून गेला होता, आणि एवढं होऊन देशातले सरदार एकत्र जमले ते या दोन स्टुलांसाठी. त्यांनी सभा भरवली, करारावर सह्या केल्या, आणि राणीला तो मान परत घ्यावा लागला.

वर्गात सगळे हसले. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण मला हसू आलं नाही, आणि आमच्या प्रोफेसरबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी बाबांची गोष्ट सांगितली. बाबा कारकून म्हणून एका सरकारी कचेरीत लागले तेव्हा रोज सकाळी त्यांची खुर्ची जागेवर नसायची. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. खुर्ची तेवढी दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. बाबा ती शोधून आणायचे आणि कामाला लागायचे. पुढे बदली झाली तेव्हा त्यांनी घरून लोखंडी खुर्ची नेली, साखळी आणि कुलपासकट. घरी हे सांगताना बाबा स्वतःच इतके हसायचे की आम्हीही हसायचो. वर्गात मात्र मी सांगितल्यावर कोणाला काय करावं ते कळेना. एका मुलाने सॉरी म्हटलं. मला त्याचाही राग आला. रागावर पीएचडी होत नाही असं म्हणतात, माझी निम्मी तरी रागावरच झाली आहे.

काका-काकूंची ओळख याच सुमारास झाली. समाजातली एक नवीन मुलगी युनिव्हर्सिटीत आली आहे, असं कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि पुढच्याच रविवारी काका गाडी घेऊन माझ्या दारात उभे. "जय भीम. चल, काकूने वांग्याचं भरीत केलंय," एवढंच म्हणाले. तिथून नोव्हाय अर्ध्या तासावर. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी त्यांच्याकडे जेवले आहे.

काका मूळचे वाशिमकडचे. नागपूरला इंजिनिअर झाले आणि इकडे येऊन गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत टिकले. ड्रायव्हरची कंबर, मागच्या माणसाचे गुडघे, लहान मुलाची मान, याखेरीज ते फार कशावर बोलत नसत. आणि अशा माणसाच्या घरी बसायला सतरंजी. म्हणजे सोफा होता, पण चार माणसं जमली की काका सतरंजी काढायचे. भीमजयंतीचा कार्यक्रम त्यांच्या बेसमेंटमध्ये सुरू झाला तेव्हा मोजकी कुटुंबं होती आणि काकांचा एकच नियम होता, सगळ्यांनी खाली बसायचं. भन्ते आले तर त्यांना आसन, बाकी डॉक्टर असो, डायरेक्टर असो, मांडी घालायची. मी एकदा चिडवलं की जन्मभर सीट विकल्या आणि पाहुण्याला जमिनीवर बसवता. काका म्हणाले, "खाली बसलं की उठवायला कोणी येत नाही."

पुढे माणसं वाढली. पुण्यामुंबईकडून सॉफ्टवेअरवाले आले, त्यांची मुलं आली, बेसमेंट पुरेना. मग शाळेचा हॉल भाड्याने घेतला, हॉल आला तशी स्टेज आली, स्टेज आली तसे प्रमुख पाहुणे आले, आणि पाहुण्यांबरोबर खुर्च्या. एका वर्षी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर 'रिझर्व्ड' असे छापील कागद चिकटवले होते. काकूंचे गुडघे दुखतात, पाय लांब करायला जागा म्हणून त्या नेहमीसारख्या पुढे जाऊन बसल्या. कागद त्यांनी पाहिला नसावा. कॉलेजात जाणारी एक मुलगी व्हॉलंटिअर होती, इथेच जन्मलेली. ती वाकून अगदी गोड आवाजात म्हणाली, "एक्स्क्यूज मी काकू, धिस वन इज रिझर्व्ड. कॅन यू प्लीज मूव्ह?" काकूंनी पर्स उचलली आणि मागे गेल्या.

एवढंच घडलं. मी तिथे होते, हातात खिरीची वाटी होती. दोन मिनिटांत ती गोष्ट हॉलभर झाली. मुलांचा रविवारचा वर्ग घेणारी आमची एक ताई आहे, नागपूरची, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. ती उठली आणि आपली मुलंबाळं घेऊन निघून गेली. तिच्यामागे निम्मा हॉल गेला. ज्याने हॉल मिळवला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, आठवडाभर ऑफिस सांभाळून धावाधाव केली होती, तो दादा स्टेजवर माइक धरून तसाच उभा राहिला.

पुढच्या वर्षीपासून जयंत्या दोन. ताईकडची जवळच्याच ट्रॉय गावात, सतरंजीवर. दादाकडची नोव्हायच्या शाळेत, खुर्च्यांवर. एकाच दिवशी, एकाच वेळी, म्हणजे कोणाला दोन्हीकडे जाता येऊ नये. आणि दोन्ही पत्रिकांवर काकांचा फोटो, खाली 'काकांच्या मार्गदर्शनाखाली'. मला हे सगळं ओळखीचं वाटायचं. माझ्या सतराव्या शतकात राजाच्या फौजेवर तोफ डागणारेसुद्धा म्हणायचे की आम्ही राजाच्याच बाजूचे, आमचं भांडण त्या मंत्र्याशी. दोन्हीकडून जयजयकार एकाच राजाचा. राजाला विचारलं कोणी नाही, कारण तो लहान होता. काकांना कोणी विचारलं नाही, कारण ते म्हातारे होते. ते दोन्हीकडे गेले नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर दोघांनी मेणबत्त्या लावून वंदना घेतली होती आणि पातेलंभर खीर तशीच होती. बेसमेंटच्या काळातल्या मापाने केलेली.

मी काकूंना एकदा सरळ विचारलं होतं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, मला तसंही बाथरूमला जायचं होतं. मी उठणारच होते." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला वाटलं, बघा, एवढ्यावर युद्ध. पण तेव्हापासून काकू कुठल्याही कार्यक्रमात, लग्नात, वाढदिवसात अगदी मागे, दाराजवळ बसतात, हेही मी पाहिलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या हृदयाने हात टेकले. ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी ते मशीनचा रिपोर्ट ऐकावा तसं ऐकून घेतलं. मग एका रविवारी जेवण झाल्यावर मला म्हणाले, "तुझे ते फ्रान्सचे राजदूत लोक भांडणं कशी मिटवायचे गं?"

मी त्यांना बेटाची गोष्ट सांगितली. फ्रान्स आणि स्पेन वर्षानुवर्षं लढून थकले तेव्हा तहाची बोलणी करायची कुठे, हाच मोठा प्रश्न होता. जो दुसऱ्याच्या दारी जाईल तो लहान ठरणार. शेवटी सीमेवरच्या नदीत एक छोटं बेट होतं, त्यावर मांडव उभारला. दोन्ही काठांहून दोन पूल. मधल्या खोलीला दोन दारं, आणि खोलीच्या बरोबर मधून हद्द. दोघांचे मंत्री आपापल्या दाराने आत यायचे आणि आपापल्या देशात बसून एकमेकांशी बोलायचे.

काकांचा इंजिनिअर जागा झाला. "पूल सेम लांबीचे?"

"ते माहीत नाही."

"खुर्च्यांची हाइट?"

"सेम असणारच, काका. बोटभर फरक असता तरी मंत्री उठून गेले असते."

काकांनी टेबलावर बोटाने दोन पूल आखले. मग म्हणाले, "मग कर की तसं काहीतरी. मला एकदा सगळे एका खोलीत बघायचेत. भाषण नको, सत्कार नको. नुसतं बघायचंय." बोलता बोलता त्यांना दम लागला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला नाही म्हणता आलं नसतं आणि म्हणायचंही नव्हतं. एप्रिलला थोडेच आठवडे उरले होते.

खोटं कशाला बोलू, मला हुरूप आला होता. इतकी वर्षं राजदूतांच्या कागदांत डोकं घातलं, आता ते कामी येणार. मी ताईला फोन केला, दादाला फोन केला, एकाचं दुसऱ्याला सांगताना त्यातले काटे काढून सांगितलं. ट्रॉयही नको, नोव्हायही नको, म्हणून मधल्या गावातल्या लायब्ररीची खोली घेतली. तिला खरोखरच दोन दारं होती. समोसेसुद्धा तिसऱ्याच दुकानातून आणले, कारण दोन्ही पार्ट्यांचे केटरर वेगळे होते आणि कोणाचे समोसे खायचे यावरून माझं बेट बुडालं असतं. दोन्ही बाजूंच्या मोजक्याच माणसांना बोलावलं. खुर्च्या मी स्वतः मांडल्या, समोरासमोर, मोजून सारख्या.

सुरुवात फार चांगली झाली. रिझर्व्ड हा प्रकार बंद, हे दादाने स्वतःहून सांगितलं. प्रमुख पाहुणे नकोत, यावर दोघांचं जमलं. मग बसायचं कसं, हा विषय निघाला.

"ताई, वन थिंग," दादा म्हणाला. "आमची मुलं खाली बसत नाहीत. दे जस्ट वोंट. तासभर मांडी घाला म्हटलं तर उद्या ती यायचीच बंद होतील. मला ती यायला हवीत, बस."

"मग अर्ध्या हॉलमध्ये खुर्च्या, अर्ध्यात सतरंज्या," ताई म्हणाली. "ज्याला जिथे बसायचं तिथे बसू दे. पण कोणी कोणाला उठवायचं नाही."

"डन," दादा म्हणाला.

मी मनातल्या मनात काकांना फोन लावत होते. तेवढ्यात ताई म्हणाली, "आता पहिलं काम. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माइकवर काकूंची माफी. मग पुढचं."

दादाचा चेहरा बदलला. "मी आत्ता काकूंच्या घरी येतो, ताई. त्यांचे पाय धरतो. आय मीन इट. पण माइकवर नाही. ती मुलगी तेव्हा फ्रेशमन होती यार, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, तिला काय माहीत? आता तिला सगळ्यांसमोर लाज आणायची?"

"तिला कशाला? तू म्हण. कागद कोणी चिकटवले?"

"मी म्हटलं तरी सगळे तिच्याकडेच बघणार."

मी तोडगे काढायला लागले. माफी कोणी मागितली आणि कोणाची, हे न सांगता मागता येईल. दोघांनी मिळून एक वाक्य म्हणता येईल. आधी वंदना, मग माफी. आधी माफी, पण माइक बंद ठेवून. माझ्या राजदूतांनी असल्या युक्त्यांवर तह उभे केले होते. इथे एकही चालेना. समोसे गार झाले, लायब्ररीच्या बाई दोनदा डोकावून गेल्या, आणि शेवटी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "तिकडे एक माणूस मरायला टेकलाय, त्याला फक्त तुम्हाला एकत्र बघायचंय, आणि तुम्हाला माइक मोठा झालाय. माझ्या पुस्तकातले सरदार परवडले."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तू स्टुलांवर पुस्तक लिही," ती म्हणाली. "माझ्या आईला एसटीत सीटवरून उठवलं होतं. मी तिच्या मांडीवर होते. नंतर कित्येक बायकांना उठवताना पाहिलं, कधी ओरडून, कधी गोड बोलून. सॉरी म्हटलेलं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. मला ते एकदा मोठ्याने ऐकायचंय. आपल्या माणसाकडून तरी."

दादा समोरच्या कागदी प्लेटची कड दुमडत बसला होता. "माझ्या आईलाही उठवलंय, ताई," तो म्हणाला. "म्हणून तर खुर्च्या आणल्या मी. गादीच्या, चांगल्या. आपल्या बायका खुर्चीवर बसाव्यात म्हणून."

मला वाटलं, आता हे दोघं एकमेकांचे हात धरतील. तसं झालं नाही. ताईने डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि उठली. दादाने तिच्यासाठी वाट सोडली. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या दाराने बाहेर गेली आणि त्या खोलीत मी आणि समोसे उरलो. मी खुर्च्या परत भिंतीला लावल्या. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. दोघांतलं कोणी खोटं असतं तर बरं झालं असतं.

काकांना जाऊन सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं, कारण त्यांच्यापुढे काटे काढून बोलणं मला जमत नसे. त्यांनी ताईच्या आईचं ऐकलं, दादाच्या आईचं ऐकलं. "दोघंही बरोबर आहेत," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. त्याच आठवड्यात हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी, नर्स घरी यायला लागली. बैठकीच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आला, ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून सोफा, खुर्च्या, टीपॉय, सगळं गॅरेजमध्ये गेलं.

भेटायला कधी येऊ, असे फोन दोन्हीकडून यायला लागले. काकू प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "रविवारी तीनला या." ताईकडच्यांनाही तेच, दादाकडच्यांनाही तेच. दुसरं कोण येणार आहे, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा मी घाबरले. "काकू, आधी बोलून घ्यायला हवं होतं दोघांशी," मी म्हणाले. "तू बोललीस ना बोलायचं तेवढं," काकू म्हणाल्या आणि चहाचं मोठं पातेलं शोधायला लागल्या. लायब्ररी नाही, बेट नाही, दारही घराला एकच.

रविवारी ताई आली तेव्हा दादा बुटांची नाडी सोडत होता. दोघं दारात एकमेकांकडे बघत राहिले. मागे माणसं थंडीत ताटकळत होती. दादा भिंतीला चिकटला आणि ताई आत आली, की ताई थांबली आणि दादा आत आला, हे मला आठवत नाही, आणि मला ते आठवत नाही याचं मला बरं वाटतं. दारात बुटांचा ढीग झाला. माणसं येतच राहिली. बैठकीच्या खोलीत बसायला काहीच नव्हतं, म्हणून जो येईल तो कार्पेटवर बसला. पलंगाच्या तिन्ही बाजूंना, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांवर. एकमेकांपासून लांब बसायला जागा नव्हती.

काका डोळे मिटून पडले होते. नर्सने सांगितलंच होतं की आता ते बराच वेळ झोपतील. कोणीतरी हळूच विचारलं, उठवायचं का, आणि काकूंनी मानेनेच नको म्हटलं. मग ताईने त्रिशरण सुरू केलं. पहिली ओळ ती एकटीच म्हणाली. दुसऱ्या ओळीला दादाचा आवाज मिळाला, आणि मग सगळ्यांचे. पंचशील होईपर्यंत मला कोणता आवाज कोणत्या बाजूचा हे ओळखता येईना. मी पलंगाच्या पायथ्याशी होते. तिथून मला काकांच्या पापण्या दिसत होत्या. त्या हलत होत्या. माणूस झोपेत असताना हलतात तशा नाही.

आणि तेव्हा मला माझा छोटा राजा आठवला. दंगलीच्या दिवसांत पॅरिसमध्ये आवई उठली की राणी मुलाला घेऊन शहरातून पळून जाणार. लोक राजवाड्यावर चालून गेले. राणीने दारं उघडायला लावली आणि त्यांना थेट मुलाच्या खोलीत येऊ दिलं. मुलगा पांघरुणात डोळे मिटून पडलेला होता. ज्या लोकांनी बाहेर आरडाओरडा केला होता, ते एकामागून एक त्याच्या पलंगाजवळून पाय न वाजवता गेले. मुलगा झोपला नव्हता, असं म्हणतात. त्याचं हे सोंग मी प्रबंधात भीतीच्या खात्यात टाकलं होतं. मुलगा होता, घाबरला असणार. काका कशाला घाबरतील, ते मला समजेना.

चहा झाला. एकेक जण उठून पलंगापाशी गेला, पांघरुणावरून पायांना हात लावला आणि बुटांच्या ढिगात आपले बूट शोधायला लागला. ताई गेली, दादा गेला. माइक, माफी, हॉल, यातलं कोणी काही काढलं नाही. गाड्या निघून गेल्याचे आवाज आले. काकू कप विसळायला आत गेल्या.

काकांनी डोळे उघडले.

"झोपला नव्हतात ना?" मी विचारलं.

"नाही."

मला रागच आला. मरणाऱ्या माणसावर कोणी रागावतं का, पण आला. "मग बघितलं का नाहीत, काका? सगळे होते. ताई, दादा, सगळे. एका खोलीत. तुम्हाला हेच बघायचं होतं ना?"

काकांनी दोन-तीन श्वास घेतले. "डोळे उघडले असते," ते म्हणाले, "तर आधी कोणाकडे तरी बघावं लागलं असतं. मग यांचं सुरू, आधी माझ्याकडे बघितलं, आधी त्याच्याकडे बघितलं. परत तेच."

आत नळ बंद झाला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, ओले हात तसेच. मी खाली कार्पेटवर बसले.

"आता तू सांग," काका म्हणाले. "कसे बसले होते?"

मी दारापासून सुरुवात केली. पहिल्या पायरीवर कोण, दुसऱ्या पायरीवर कोण, भिंतीला टेकून कोण. ताई पलंगाच्या उजव्या बाजूला होती, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून दादाची शाळकरी मुलगी.

"खाली बसली ती?"

"बसली, काका. मांडी घालता येत नव्हती, तशीच बसली. मध्येच म्हणाली, माय लेग्ज आर अस्लीप. तर ताईने वंदना म्हणता म्हणता तिचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि चोळत राहिली."

"आणि दादा?"

"तो बघत होता."

"हं," काका म्हणाले. "पुढे सांग." मी पुढे सांगत गेले, आणि काकांनी डोळे पुन्हा मिटून घेतले, नीट दिसावं म्हणून.